नखाची कड

सहामाही परीक्षा आटोपून दिवाळीची सुट्टी लागायची, त्याच्या आदल्या दिवशी वर्गात काही शिकवण्यात अर्थ नसतो, हे वीस वर्षे मास्तरकी केलेल्या माणसाला कोणी सांगावे लागत नाही. मुलांची मने किल्ल्याच्या मातीत आणि घरच्या चकलीच्या सोऱ्यात अडकलेली असतात. म्हणून गेल्या वर्षी त्या दिवशी मी आठवीच्या मुलांना शाळेच्या पडद्यावर एक लघुपट दाखवला. 'गेरीज गेम' हे त्याचे नाव. अमेरिकेतील पिक्सार या संस्थेने तो १९९७ साली काढला. दिग्दर्शक यान पिंकावा. पाच मिनिटांच्या आत संपणारा हा चित्रपट, आणि त्यात संवाद म्हणून एकही नाही. १९९८ साली त्याला ॲनिमेशनच्या लघुपटासाठी असलेले ऑस्कर मिळाले.

कथा म्हणावी तर चिमूटभर आहे. पानगळीचे दिवस आहेत. एका निर्जन बागेत एक म्हातारा येतो, टेबलावर बुद्धिबळाचा पट मांडतो आणि एकटाच खेळू लागतो. पांढऱ्या मोहऱ्यांकडे बसला की तो भित्रा, चष्मा लावलेला, थरथरत्या हाताचा म्हातारा असतो. खेळी करून तो उठतो, पलीकडच्या खुर्चीत जाऊन बसतो, चष्मा काढतो, आणि तोच माणूस उद्धट, कावेबाज, जिंकण्याला सोकावलेला दिसू लागतो. काळा गेरी पांढऱ्याची मोहरी एकामागून एक मटकावत जातो. अखेर पांढऱ्याजवळ राजा तेवढा उरतो. तेव्हा हा गरीब गेरी छातीला हात लावून कोसळण्याचे सोंग करतो, प्रतिस्पर्धी गडबडतो, आणि तेवढ्या अवधीत पट उलटा फिरवला जातो! आता हरणारा जिंकतो, आणि पणाला लावलेली वस्तू त्याच्या हाती येते. ती वस्तू म्हणजे दातांची कवळी. ती तोंडात बसवून म्हातारा खदाखदा हसतो, आणि शेवटच्या दृश्यात आपल्याला टेबलाशी तो एकटाच दिसतो.

मुले पोट धरधरून हसली. दिवे लावल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "सर, ते आजोबा मातीचे आहेत का हो?"

"नाही ग, ते संगणकावर केलेले आहेत," असे मी सांगून टाकले. पण हे उत्तर म्हणजे 'भाकरी कशी होते?' या प्रश्नाला 'चुलीवर' असे सांगण्यासारखे होते. मी कादंबऱ्या लिहितो, शाळेत चित्रकला शिकवतो, आणि माझे शिक्षण मॅट्रिकपाशी थांबलेले आहे. गणिताचा आणि माझा संबंध सरासरी काढण्यापलीकडे कधी गेला नाही. परंतु त्या प्रश्नाचा पाठपुरावा करताना मला कळले, की या विद्येला आरंभी तरी सरासरीपलीकडचे फारसे काही लागत नाही. आणि त्याहून मोठी गोष्ट कळली ती माझ्याच लेखनाबद्दल. या लेखाचे प्रयोजन तेच आहे.

आधी अडचण काय होती ते पाहू. संगणकात चेहरा उभा करायचा तर तो कशाचा तरी करावा लागतो. पूर्वीची पद्धत शिंप्याची होती. वाकवता येतील असे चौकोनी तुकडे घ्यायचे आणि ते एकमेकांना जोडत जायचे. एकेक तुकडा मोठा तुकतुकीत दिसे. पण माणसाचे डोके काही चौकोनी नाही. त्याला नाक आहे, कान आहेत, ओठांची फट आहे. चौकोनी फडक्याने नारळ गुंडाळून पाहावा, म्हणजे चुण्या कुठे पडतात ते कळेल. तुकडे जोडले की शिवणी आल्या, आणि पात्र हसले, रडले, मान वळवली की त्या शिवणी उसवू पाहणार. १९९५ च्या 'टॉय स्टोरी'तील वुडी या बाहुल्याच्या चेहऱ्यावरच्या शिवणी लपवण्यासाठी माणसांना हाताने बरीच मेहनत करावी लागली होती, असे त्या संस्थेच्या लोकांनीच पुढे लिहून ठेवले आहे.

माझे वडील शिंपी होते. 'शिवण दिसली की शिंपी मेला' असे ते म्हणत. त्यामुळे ही अडचण मला लगेच समजली.

दुसरी पद्धत आहे ती तुकडे जोडण्याची नव्हे, कोपरे मोडण्याची. हिचे सर्वांत सोपे रूप जॉर्ज चायकिन यांनी १९७४ साली मांडले. ते रांगोळीने अंगणात काढून पाहता येते. चाळीस सेंटिमीटर बाजूचा एक चौरस काढा. प्रत्येक बाजूवर दोन्ही टोकांपासून दहा-दहा सेंटिमीटरवर खूण करा, आणि कोपऱ्याजवळच्या दोन-दोन खुणा जोडून कोपरा पुसून टाका. चार बाजूंच्या आठ झाल्या. आता या आठांपैकी प्रत्येक बाजूचा पाव-पाव भाग दोन्हीकडून घेऊन तेच करा. सोळा झाल्या. पुन्हा करा, बत्तीस. चौथ्या फेरीला डोळ्यांना कोपरा सापडत नाही. गोलसर वळण तेवढे दिसते. मूळ चौरसाच्या बाजूचे काय झाले? चाळीसातले वीस उरले, मग दहा, मग पाच. हे असे अखंड चालवले तर प्रत्येक बाजूचा मधला एक बिंदू तेवढा जागचा हलत नाही. बाकीची सगळी बाजू गेली. पण वळण कुठून जायचे ते तिनेच ठरवून दिले होते.

हीच कल्पना रेषेवरून पृष्ठभागावर नेण्याचे काम १९७८ साली झाले. एड कॅटमल आणि जिम क्लार्क या दोघांनी एक रीत दिली; त्याच वर्षी डू आणि सेबिन या दोघांनी दुसरी दिली. गेरीच्या कामी आली ती पहिली. तिचा नियम घरगुती भाषेत असा सांगता येईल. एक ओबडधोबड आकृती घ्या, समजा लाकडी ठोकळा. प्रत्येक पृष्ठाच्या मधोमध एक नवा बिंदू ठेवा. प्रत्येक कडेवर एक नवा बिंदू ठेवा, पण तो तिच्या दोन टोकांची आणि शेजारच्या दोन पृष्ठबिंदूंची सरासरी काढून. आणि जुने कोपरे? तेही आपल्या जागी राहत नाहीत. त्यांनाही शेजाऱ्यांचे ऐकून आत सरकावे लागते. अठरा सेंटिमीटरच्या ठोकळ्याचा कोपरा मध्यापासून तिन्ही दिशांना नऊ-नऊ सेंटिमीटरवर असतो. पहिल्याच फेरीत तो पाच-पाचवर येतो. सहा पृष्ठांची चोवीस होतात, मग शहाण्णव, मग तीनशे चौऱ्याऐंशी. ठोकळ्याचा लाडू होतो. मात्र अगदी चेंडूसारखा गोल तो कधीच होत नाही. आपण मुळात ठोकळा होतो ही आठवण त्याच्या अंगात थोडी शिल्लक राहते.

आणि मला सर्वांत भावले ते हे, की ठोकळ्याच्या प्रत्येक कोपऱ्यात तीनच पृष्ठे भेटतात. फेऱ्यांमागून फेऱ्या केल्या की नवे बिंदू हजारोंनी जन्माला येतात आणि त्या प्रत्येकापाशी शहाण्यासारखी चार पृष्ठे भेटतात. पण ते मूळचे आठ बिंदू आठच राहतात, आणि त्यांच्यापाशी तीनच पृष्ठे भेटत राहतात. भोवतीचे सगळे नियमात बसते. हे आठ बसत नाहीत. शिंप्याचा चौकोनी तुकडा इथेच फसत होता. कॅटमल आणि क्लार्क यांच्या रीतीने मात्र या आडमुठ्यांना हाकलले नाही. त्यांच्यासाठीही जागा राखली, आणि त्यांच्याभोवतीचे पृष्ठ मऊ वळते ठेवले. म्हणून एकाच सलग कातडीत नाक, कान, ओठ सगळे मावले, आणि शिवण उरली नाही.

तर मागच्या बाकावरच्या मुलीचे उत्तर आता देता येते. गेरी मातीचा नाही, पण त्याचे डोके आरंभी मातीचेच होते. आधी मातीचे डोके घडवले, त्यावरचे बिंदू मोजून संगणकात घेतले, त्यांची एक विरळ जाळी झाली, आणि मग या सरासरीच्या फेऱ्यांनी त्या जाळीला कातडे आले. तुमच्या किल्ल्याच्या बुरुजावरून तुम्ही ओला हात फिरवता ना, तसेच हे. फक्त हात आकड्यांचा.

पण इथे एक पेच आला. हा ओला हात भेद जाणत नाही. तो गाल गुळगुळीत करतो तसे नखही करून टाकतो. बोट आणि नख यांच्यामधली कड गेली, तर बोटाची शेंग होते. तेव्हा गेरीच्या हातावर काही कडा मुद्दाम राखल्या गेल्या. टोनी डिरोझ, मायकेल कॅस आणि टिएन ट्रुओंग या तिघांनी १९९८ साली ही सगळी हकीकत एका निबंधात मांडली आहे. राखलेल्या कडेचा नियम ऐकण्यासारखा आहे. कडेवरचा बिंदू सरासरी काढताना फक्त कडेवरच्याच शेजाऱ्यांचे ऐकतो; दोन्ही बाजूंना पसरलेल्या पृष्ठभागाला तो विचारायला जात नाही. अशी कड कितीही फेऱ्या झाल्या तरी कडच राहते. गेरीच्या नखांची कड या जातीची आहे.

त्या तिघांनी आणखीही एक शोध लावला. जगातल्या बहुतेक कडा सुरीच्या धारेसारख्या नसतात आणि लोण्यासारख्याही नसतात. टेबलाची कड पाहा. लांबून धारदार, जवळून किंचित गोल. यासाठी त्यांनी 'अर्धी कड' काढली. पहिल्या दोनचार फेऱ्या ती कड म्हणून राखायची, आणि मग इतर बिंदूंसारखी सोडून द्यायची. किती फेऱ्या राखायची, हे चित्रकाराने ठरवायचे. म्हणजे यंत्राने सगळे केले असे आपण म्हणतो खरे, पण कुठे घासायचे, कुठे थांबायचे, कुठे मुळीच हात लावायचा नाही, हे माणसाकडेच राहिले. कला म्हणतात ती हीच, असे मला वाटते.

आता चित्रपटाकडे या कसोटीने पाहावे. 'गेरीज गेम'ची कीर्ती त्याच्या सलग कातडीबद्दल झाली, आणि ती कातडी खरोखरच नामी आहे. पण चित्रपट मनात राहतो तो त्याच्या राखलेल्या कडांमुळे. दोन गेरींचा चेहरा एकच आहे. त्यांच्यामधली कड आहे ती चष्म्याची. चष्मा चढला की दुबळेपणा, उतरला की दांडगाई. ही कड दिग्दर्शकाने नखासारखी राखली आहे. क्षणभरही दोघे एकमेकांत मिसळत नाहीत. उलट म्हाताऱ्याच्या फसवणुकीची कड अर्धी आहे. हृदयविकाराचे सोंग पाहताना आपला श्वास निमिषभर अडकतो, आणि लगेच तो प्रसंग हसण्यात विरतो. हे प्रमाण अचूक आहे. आणखी एक फेरी लवकर सोडले असते तर तो नुसता चावटपणा झाला असता.

राहिला त्याचा एकटेपणा. या बागेत दुसरे कोणी नाही, या म्हाताऱ्याला कोणी हाक मारत नाही. दिग्दर्शक त्याविषयी सूचना म्हणूनही काही देत नाही. पाच मिनिटे तो आपल्याला हसवत ठेवतो आणि शेवटी एका दृश्यात समोरची रिकामी खुर्ची दाखवून मोकळा होतो. काहींना ती उणीव वाटेल. म्हाताऱ्याच्या घरादाराचे चार तपशील हवे होते असे ते म्हणतील. मला ते पटत नाही. त्या तपशिलांनी एकटेपणाची सरासरी निघाली असती. माझी तक्रार असलीच तर ती मुलांच्या हसण्याबद्दल आहे. कवळीच्या विनोदाचा खळखळाट एवढा मोठा आहे, की रिकामी खुर्ची दिसते तेव्हा वर्ग अजून हसतच असतो. ती कड होती, पण तिच्यावर प्रकाश जरा कमी पडला.

हे लिहिताना मला माझीच एक गोष्ट टाळता येत नाही.

माझ्या दुसऱ्या कादंबरीत एक शिंपी आहे, त्याची थोरली मुलगी आहे आणि धाकटा मुलगा आहे. मुलगी सातवीनंतर शाळा सोडून काजे-बटणे करायला बसते आणि मुलगा शिकतो. ओळखीच्या लोकांना कळायचे ते कळले. घडले ते असे होते, की अक्काचा सातवीत वर्गात पहिला नंबर आला आणि त्याच आठवड्यात वडिलांनी तिचे दप्तर दुकानातल्या खुंटीला अडकवले, ते परत काढले नाही. ती रडली नाही. तिने एकदाच विचारले, "मी का?" आणि वडील म्हणाले, "तो मुलगा आहे." मी तिथेच पाटावर बसून जेवत होतो. मी जेवत राहिलो.

पहिल्या खर्ड्यात हे जसेच्या तसे होते. मग मी सरासरी काढू लागलो. आई अजून आहे, तिला काय वाटेल? चुलते रागावतील. वडिलांना मानणारी गावातली माणसे काय म्हणतील? दुसऱ्या खर्ड्यात वडिलांच्या डोळ्यांत पाणी आले. तिसऱ्यात दुकानावर कर्ज चढले, म्हणजे त्यांना सबब मिळाली. चौथ्या खर्ड्यात मुलगी आपणहून म्हणाली, "बाबा, मी बसते दुकानात, भाऊ शिकू दे." हे वाक्य मला त्या वेळी फार सुंदर वाटले होते. जिल्ह्याच्या गावी कादंबरीला एक लहानसे पारितोषिकही मिळाले आणि भाषणात कोणीतरी तिच्या ओघवत्या शैलीची वाखाणणी केली.

अक्काने पुस्तक वाचायला दोन महिने घेतले. भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर ती म्हणाली, "छान लिहिलंयस रे. पण घरी बसायचा हट्ट मी कधी धरला होता?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता. मी ओवाळणी ताटात टाकली आणि करंजीकडे पाहत बसलो.

'गेरीज गेम' पाहिला तेव्हा मला त्या म्हाताऱ्याच्या हातातली कवळी ओळखीची वाटली. स्वतःशीच खेळायचे, आपणच पट फिरवायचा, आणि आपलीच कवळी जिंकून हसायचे! माझे पारितोषिक याहून फारसे वेगळे नव्हते.

हा गेरी पुढे १९९९ साली 'टॉय स्टोरी २' मध्ये पुन्हा दिसतो. तिथे तो जुनी खेळणी दुरुस्त करणारा कारागीर झाला आहे. त्याच्या पेटीच्या एका खणात बुद्धिबळाची मोहरीही दिसतात. तो वुडीचा फाटलेला हात शिवतो, उडालेला रंग भरतो, आणि बुटाच्या तळव्यावर त्याच्या मालकाचे, अँडी या मुलाचे, नाव लिहिलेले असते, त्यावरही रंग फिरवतो. वुडी नवाकोरा दिसू लागतो. कारागिरीत खोट काढायला जागा नाही. फक्त आपण कोणाचे ते त्या तळव्यावरून पुसले गेले आहे. पुढे वुडी स्वतः तो रंग खरवडून नाव पुन्हा उघडे करतो. दोन्ही चित्रपट मुलांबरोबर पाहणाऱ्या आईबापांना मी सुचवीन, की हे दोन गेरी शेजारी ठेवून पाहावेत. पहिला आपल्याला शिकवतो की कड राखली तर माणूस दिसतो. दुसरा शिकवतो की चांगला हातसुद्धा, नको तिथे फिरला तर, नाव पुसतो.

कादंबरीच्या नव्या आवृत्तीसाठी मी तो प्रसंग पुन्हा लिहायला घेतला आहे. सगळे खरवडणार नाही. वडिलांचे दिवस कठीण होते हेही खोटे नव्हते, त्यांना अर्धी कड पुरेल. पण दप्तर खुंटीला राहील, "मी का?" राहील, आणि पाटावर जेवत राहिलेला मुलगा राहील. त्या पानापुरते मी चुलत्यांना विचारणार नाही, गावाला विचारणार नाही. त्या कडेवर जी माणसे होती त्यांचेच ऐकायचे, एवढा नियम मी गेरीच्या नखाकडून घेतला आहे. वडील आता नाहीत. म्हणून लिहिलेली पाने घेऊन या भाऊबीजेला मी अक्काकडे जाणार आहे. ती काय म्हणेल ते मला माहीत नाही.

मागच्या बाकावरची मुलगी आता नववीत आहे. परवा तिच्या दारावरून जाताना किल्ला पाहिला. तटबंदी ओल्या हाताने सारवून गुळगुळीत केली होती. बुरुजाच्या माथ्यावरची कड मात्र तिने पट्टीने कापून ठेवली होती. "इथं हात लावायचा नाही हं सर," ती म्हणाली. मी हात मागे घेतला.